विटांमागचा नाग

माय, आज मी नाग ओळखला. तोही त्याने फणा काढायच्या आधी! चहा तसाच गार झालाय, पण तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

तुला सगळेच साप नाग वाटायचे. वडनेरच्या घरामागे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची गंजी होती, तिच्यात उंदरांची बिळं, त्यामुळे साप यायचेच. तू चुलीसाठी पऱ्हाट्या ओढायला गेलीस की "नाग, नाग!" असा ओरडा, आणि बाबा काठी घेऊन धावत. एकदा तुझा तो नाग धामण निघाला. बाबा हसत सुटले, मला जवळ बोलावून म्हणाले, "हिचे ओठ पाह्य, उभ्या काळ्या रेघा हायेत. नागाले त्या नसतात." तू माझं बखोट धरून मागे ओढलंस. "तुमी ओठ पाह्यत बसा, मी पोरीले घेऊन जातो!"

आता मी पिपरी मेघेला राहते. शेजारचा प्लॉट परवापर्यंत शेतच होता. आता तिथे विटांचा ढीग, कडेला नाली, नालीत बेडूक. नागाला आणखी काय हवं? सकाळी विटा उचलताना कामावरची बाई किंचाळली. मी कुंपणापाशी धावले, तर शेजारचे भाऊ शेपटी धरायला वाकलेले. "धामण हाय काकू, काऊन घाबरून राह्यल्या?" सापाचं तोंड माझ्या बाजूच्या फटीतून बाहेर होतं. मी ओठ पाहिले. रेघा नाहीत. त्याने मान जराशी उचलली, तर गळ्याखाली रुंद काळा पट्टा. "भाऊ, हात मांगं घ्या! नाग हाय!" मी इतकी ओरडले की ते दचकून मागे सरले, आणि नाग सर्रकन त्यांच्याकडे वळून उभा राहिला. माझ्याकडे त्याची पाठ, फण्यावर चष्म्यासारखी खूण अगदी लख्ख. माय, काय देखणा दिसतो गं तो!

फोन केल्यावर सर्पमित्र आला. त्याने नाग पिशवीत घेतला. गावाबाहेर नाल्याकाठच्या झुडपांत सोडायला गेला, तेव्हा मीही त्याच्या गाडीवर मागे बसून गेले. "फणा नसताना कसा ओळखला, काकू?" त्याने विचारलं. म्हटलं, "आमचे मायबाप यावरून भांडत होते." मग धीर करून विचारलं, "मले साप धरणं शिकवसान काय?" तो हसला. "रविवारी येजा."

मी हो म्हणून आलेय. घरात अजून कुणाला बोलले नाही. हा कागद कुठे पोचायचा नाही, तरी तुला सांगते, कारण तू नक्की नाही म्हणाली असतीस, आणि तुझं ते नाही आज मला फार ऐकावंसं वाटतंय.