ताई, मुलांनी तुझा चेहरा काढला

प्रिय शैलाताई,

आज तुझा रविवारचा चित्रकलेचा वर्ग मी घेतला. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. मुलं गेली तेव्हापासून घरात नुसत्या येरझारा घालतेय. चहा केला, तो तसाच गार झाला. शेवटी लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू?

मला चित्र काढता येत नाही, हे तुला ठाऊक होतं. मी आपली ब्रश धुवायला पाण्याचे डबे भरून देणारी धाकटी बहीण. तरी दवाखान्यात म्हणालीस, "नंदे, वर्ग बंद करू नकोस." कसा चालवायचा, ते कुठं सांगितलंस?

गडमुडशिंगीची मेघा आठवते? तिनं वडिलांचा चेहरा लालभडक रंगवला होता. दुसऱ्या रविवारी ते तिला आणि ते चित्र घेऊन दारात हजर.

"बाई, चित्र शिकवताय का बापाची टिंगल कराय शिकवताय? माणसाचं त्वांड असं असतंय व्हय?"

"तिलाच विचारा की," तू म्हणालीस.

मेघा खाली बघत म्हणाली, "आईवर वरडतायसा तवा असंच दिसतंय."

त्यांनी चित्राची घडी केली, तिचा हात धरला आणि निघून गेले. पुढच्या रविवारी मेघा आली नाही. तशी तू मला घेऊन सरळ त्यांच्या गोठ्यात. "दादा, पोरीसमोर जरा बसा. बोलायचं नाही, हलायचं नाही." आता हे आपल्याला हाकलणार, असं मला वाटलं. पण ते बादली पालथी घालून बसले. मेघानं तपकिरी चेहरा काढला आणि डोळ्यांखाली निळा रंग भरला.

"हितं निळं कशाला?" त्यांनी विचारलं.

"दमलायसा की."

नंतर दर रविवारी तेच तिला दुधाच्या गाडीवरून आणून सोडायचे. पण घरातलं ओरडणं थांबलं का गं? मला अजून रुखरुख आहे. तू का नाही विचारलंस?

आणि स्वतःचं दुखणं तरी कुठं कुणाला बोललीस? केस गेले, तशी डोक्याला रुमाल बांधून शिकवत राहिलीस. माझ्यासमोरसुद्धा तो कधी सोडला नाहीस. फोटो काढायला गेले की तोंड फिरवायचीस.

आज मुलांना म्हटलं, हवा त्याचा चेहरा काढा. सगळ्यांनी तुलाच काढलं. कुणी जांभळं, कुणी केशरी. लहानग्या रेश्मानं तुझं डोकं पिवळंधमक रंगवलं, केसांशिवाय.

"अगं, केस राहिले," म्हणत मी काळा खडू घेऊन तिच्या कागदावर वाकले.

तिनं कागद ओढून घेतला. "शेवटी न्हवतं की. बाईंनी रुमाल काढून दाखवलंतं मला. म्हणल्या, कुठला रंग देशील?"

मी उठून गच्चीत गेले. मला नाही दाखवलंस, ताई. तिला दाखवलंस.

तुझ्यावर रागवावं की काय करावं, कळत नाही. पण शब्द देते. पुढच्या रविवारी वर्ग भरेल, त्याच्या पुढच्याही. मला साधं नाक धड काढता येत नाही. पण तुझ्या मुलांच्या कागदाला यापुढं माझा हात लागणार नाही.

तुझी,
नंदा