उंटिणीला न सांगता

४ मार्च, मंगळवार

बस्स! आता पुरे.

आज मुकादमाकडे संडासाची किल्ली मागितली. ती किल्ली तो पँटच्या खिशात ठेवतो, जणू तिजोरीचीच आहे. सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हातारे, आत्ताच तर गेली होतीस!" याला पहारा द्यायला दुसरं काही मिळालं नाही, माझं पोट मिळालं! बाया मान खाली घालून चादरी झटकत राहिल्या. माझ्या तोंडाला अख्खी गल्ली घाबरते, आणि तिथे मी मूग गिळून उभी! घरी येईपर्यंत त्याच्यापेक्षा माझीच जास्त चीड आली.

या धुलाईखान्यात मला कुणी बांधून घातलेलं नाही. लेक कमावतो, सून कमावते. मी हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घातल्या नाहीत म्हणून आमची चूल विझणार नाही. सोडायचं. ठरलं.

५ मार्च

सोडायचं खरं, पण कसं? सांगून की न सांगता?

लेक ऑफिसातला. म्हणाला, "आई, रीतसर महिनाभर आधी सांगायचं असतं. उद्यापासून येत नाही, असं कुणी करतं का?"

सून भांडी विसळत होती. तिथूनच ओरडली, "त्या मेल्याला कसली रीत दाखवता! उद्या सरळ झोपून राहा."

माझं आणि सुनेचं एकमत झालं! लेकाने दोघींकडे असं पाहिलं, जणू घरात चोर शिरलाय.

त्याला आमच्याकडची रीत काय ठाऊक? जी सांगते, तिला शेवटचा महिना इस्त्रीच्या यंत्राच्या गरम रुळावर उभं करतात. ओली चादर आत सरकवत राहायची, वाफ सरळ तोंडावर. मागे एक जाडी सांगून गेली. जाडी म्हणून आली होती, काडी होऊन गेली. तेव्हापासून कुणी सांगतच नाही. आली नाही, की समजायचं — गेली.

८ मार्च

सगळं अडलंय ते उंटिणीपाशी.

उंटीण म्हणजे माझी जोडीदारीण. नाव मीच ठेवलंय, तोंडावर म्हणते. ती मला आजी म्हणते, आणि माझ्या पाठीमागे 'आमचं बुटकं'. चादरीची घडी एकटीने होत नाही. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. मागे सरायचं, ताण द्यायचा, झटकायची, मग पुढे येऊन टोकाला टोक लावायचं. दिवसभर असं जवळ यायचं आणि लांब जायचं. नवऱ्याला कधी इतकं जवळून पाहिलं नव्हतं मी.

जोडीतली एक न सांगता गेली, की दुसरीचं मरण. नवी बाई लगेच मिळत नाही. तोवर दोघींचा ढीग एकटीच्या गळ्यात. चादर हनुवटीखाली धरून घड्या घालत बसायचं, ढीग संपल्याशिवाय घर नाही. आधी सांगितलं, तर निदान मुकादम कुणाला तरी तयार करतो.

म्हणजे सांगितलं तर मी भाजते, नाही सांगितलं तर ती मरते. तिचा गुडघा आधीच कुरकुरतो.

९ मार्च

सुट्टी. काही ठरलं नाही. सुनेवर उगाच खेकसले.

१० मार्च

सांगितलं!

मुकादमाच्या खोलीत गेले. तो कुणाला बस म्हणत नाही. मीच खुर्ची ओढली. म्हटलं, "महिन्याने मी येणार नाही. माझ्या जागी बाई बघून ठेव. उंटिणीला नीट जोड दे, कामचोर देऊ नकोस." पहिल्यांदाच अरेतुरे केलं त्याला. त्याचा आ वासलेलाच! मग म्हणाला, "उद्यापासून रुळावर."

म्हटलं, "ठाऊक आहे. आधी किल्ली दे."

दिली!

बाहेर आले तर अंग पिसासारखं हलकं. रस्ताभर एकटीच हसत होते. भाजीवाल्याशी घासाघीस करायचीसुद्धा विसरले.

उंटिणीला काही बोलले नाही. ती म्हणाली असती, जाऊ नका. आणि मी राहिले असते. त्यापेक्षा उद्या आपोआप कळू दे.

११ मार्च

कळलं. "आजी, आधी मला नाही सांगायचं?" एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं. डबा खायलाही माझ्याजवळ बसली नाही.

रूळ म्हणजे जिवंतपणी नरक.

१३ मार्च

हाताला फोड आलेत. सून मलम लावता लावता मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. इतक्या छान शिव्या देते, मला माहीतच नव्हतं! लेक म्हणाला, "आई, माझंच चुकलं. उगाच सांग म्हटलं." म्हटलं, तुझ्या सांगण्यावरून कधी काही केलंय का मी?

पण एक आहे. अंग भाजतंय, मन मात्र गार आहे. बऱ्याच दिवसांत अशी झोप लागली नव्हती.

फरशी पुसणाऱ्या बाईला उंटिणीच्या जोडीला दिलंय. तिला टोकही धरता येत नाही. रुळावरून मला सगळं दिसतं. उंटीण इकडे ओढते, ती तिकडे — नुसती रस्सीखेच! उंटीण माझ्याकडे ढुंकून बघत नाही. जिच्यापायी भाजून घेतेय तीच फुरंगटलेली. गेली उडत!

१४ मार्च

काम सुटलं तसा उंटिणीने फाटकात माझा दंड धरला. म्हटलं, आता ऐकवणार.

"माझी बहीण वर्षभर बोलावतेय मला तिच्या शिवणकामाला. पण मी गेले तर आमच्या बुटक्याचं कसं होणार? एकटीने चादर धरली तर निम्मी जमिनीवर लोळेल, ढीग कधी संपायचा नाही — म्हणून नाही गेले! मी तुमच्यापायी इथे सडतेय, आणि तुम्ही माझ्यापायी हात भाजून घेताय? एकदा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, आजी?"

म्हटलं, "तू उघडलं होतंस?"

मग दोघी अशा हसत सुटलो, की रखवालदार बाहेर आला.

१५ मार्च

आज मी गेले नाही. तीही गेली नाही. तिच्या बहिणीकडे बसून बटणं लावली. बसून!

बहिणीने विचारलं, "आधीच्या ठिकाणी सांगून आलात ना?" उंटीण माझ्याकडे बघायला लागली.

म्हटलं, "हो तर! मी दोघींचं सांगून आलेय."