ताइतातल्या पेशी

धाराशिव
३ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
प्रियाचे शि. सा. न. वि. वि.

"ज्या दलालाच्या तोंडात 'न्हाय' नसतं, त्याच्या हातून बैल घेऊ नये." आपल्या आप्पांचं हे वाक्य आज सकाळपासून डोक्यात आहे. उमरग्याच्या बाजारात मी तुमच्या खांद्यावर बसले होते. बैल गाडीला चालतो, नांगराला चालतो, लेकरांना पाठीवर घेतो, असं एक दलाल सांगत सुटला होता. अंडी घालतो का, असं आप्पांनी विचारलं आणि बाजार हसला. मग घरी येताना ते हे बोलले.

शांतावहिनींनी हायवेवरच्या नव्या दवाखान्याचं पत्रक पाठवलं. गुडघे, साखर, लकवा, अधू नजर, लेकरांचं न बोलणं आणि तुमच्यासारखा मणक्याचा मार, सगळ्यावर एकच उपाय, स्टेम सेल. 'न्हाय' कुठंच नाही.

माझी जुनी विद्यार्थिनी उझमा इथं डॉक्टर आहे. ती म्हणाली, रक्ताच्या काही आजारांत अशा पेशींनी माणसं खरंच वाचतात. मणक्यावर अजून अभ्यास चालू आहेत, बरं करतो असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. आणि खऱ्या अभ्यासात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

हे फोनवर बोलता येईना. तुमचा फोन सदा स्पीकरवर आणि अर्धी गल्ली खाटेभोवती. म्हणून पत्र. मला कळवल्याशिवाय सुई टोचून घेऊ नका.

वहिनींना नमस्कार. आहे तो लोभ असाच राहो.
तुमची,
प्रिया


उमरगा
११ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राच्या आधी सुई टोचून झाली. कमरेत दिली. तू जत्रेतली रेवडीसुद्धा वास घेऊन खायचीस. संशयावर काही स्टेम सेल निघतंय का, तेवढं विचारून ठेवतो.

ऐक. आडतीत सोयाबीनच्या थप्पीवरून पडलो, त्याला दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा डाव्या अंगठ्यात मुंग्या आल्यासारखं वाटतंय. शांता सकाळी पायापाशी बसते आणि हलला म्हणते. मला काही बाजार फिरायचा न्हाय, प्रिया. तिनं उचलल्याशिवाय संडासला जाता आलं तरी लई झालं. तिचीही कंबर गेली आहे, पण बोलत न्हाय.

दुसरी सुई दहा डिसेंबरला. ती माझ्याच पेशींची असणार. नाळेतल्या पेशी सगळ्यांत चांगल्या, असं तिथला माणूस म्हणाला. शांताला लगेच अव्वानं देव्हाऱ्यात जपलेला माझा ताईत आठवला, लहानपणी करदोड्यात असायचा तो. त्यात माझी वाळलेली नाळ आहेच की. तिनं नेऊन दिला. माणूस खूश झाला. नशीबवान आहात, म्हणाला, यातल्या झोपलेल्या पेशी आम्ही लॅबमध्ये जाग्या करू. बघ, अव्वा गेली तरी लेकराच्या कामाला आली.

तब्येत जप. शाळेतल्या पोरांवर संशय घेऊ नकोस.
तुझा,
गौरीशंकर अण्णा


धाराशिव
१६ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग लगेच उझमाला फोन लावला.

तुम्ही नऊ वर्षांचे असताना बारवेत पोहताना तो ताईत हरवला होता. संध्याकाळी सापडला असं सांगून अव्वानं तो परत तुमच्या कमरेला बांधला. तो सापडला नव्हता. लेकराची नाळ हरवली म्हटल्यावर आजीनं घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून तिनं सोनाराकडून गुपचूप तसाच दुसरा आणला. पोकळ लागू नये म्हणून आत सुंठेचा तुकडा घातला. शेवटच्या दुखण्यात तिनं मला हे सांगितलं आणि खोकला येईपर्यंत हसली. गौरीला सांगू नको, म्हणाली, अजून रुसंल.

अण्णा, त्या ताइतात सुंठ आहे. मी उझमाला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, खरी नाळ असती तरी इतकी वर्षं वाळल्यावर त्यात जिवंत काही उरत नाही. मग दहा तारखेला तुमच्या मणक्यात काय भरणार आहेत? ती म्हणते, कशाचाही जंतू आत गेला तर आज जे हात चालतात तेही धोक्यात. रागवा, पण उत्तर द्या.

तुमची,
प्रिया


उमरगा
२६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियास,
आशीर्वाद.

शांताला काही सांगितलं न्हाय. तपासणीला दवाखान्यात नेलं तेव्हा त्या माणसाला मीच विचारलं, ताइतातून काही निघालं का. लई जोरदार पेशी निघाल्या, म्हणाला, जवान माणसासारख्या. मी बरं म्हटलं. अव्वा असती तर लोळून हसली असती.

तरी दहाला जाणार आहे. दोन वर्षं शांता या घरात दबकून वावरली. आता स्वयंपाकघरात भांडी आपटते, माझ्यावर ओरडते, पाय बरे झाल्यावर आधी माळ्यावर चढायचं म्हणते. तिला काय सांगू? आणि मुंग्या खऱ्याच येतात गं. निदान येतात असं वाटतं.

आता यावर लिहू नकोस.
अण्णा


धाराशिव
३० नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालात, तरी लिहिते. 'निदान येतात असं वाटतं', ही तुमची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

वहिनींना मी काही बोलणार नाही. त्या उद्याही भांडी आपटू देत. सुंठेचं, आप्पांचं, उझमाचं, कुणाचंच नाव काढणार नाही. सात तारखेला, रविवारी, सकाळच्या गाडीनं येते. वहिनींना जरा शेजारी पाठवा आणि फोन बंद ठेवा. तुम्ही डोळ्यांवर रुमाल घ्यायचा. मी पायापाशी बसेन. मधूनमधून डाव्या अंगठ्याला हात लावीन, मधूनमधून नुसतीच बसेन. मी हात लावला की तुम्ही सांगायचं. बरोबर सांगितलंत तर दहाला मी स्वतः तुमची चाकाची खुर्ची ढकलत दवाखान्यात नेते. नाही सांगता आलं तर तुम्ही जाणार नाही.

तुम्ही रुमाल घेणार नाही, हे मला माहीत आहे. तरी घ्या.

तुमच्या रागासकट लोभाची धनी,
प्रिया