मानेपलीकडचा फोटो

४ ऑक्टोबर

चि. ठमीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, म्हणून फोनऐवजी हा कागद. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचे कपडे शिवताना अखंड वटवट करणारी बाई गप्प झाली म्हणून तुझे काका खूश असतील म्हणशील, तर तेही गप्पच असतात.

गळ्याच्या गाठीवर किरणांचा शेक चालू आहे. काल सोळावा झाला. पण इथली लक्षणं मला ठीक दिसत नाहीत. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात, मशीन माझ्याभोवती फिरतं आणि काही म्हणजे काही जाणवत नाही. किरणं खरंच निघतात, की नुसतंच घरघरतं? मंगळवारपासून टेक्निशियन पडद्याकडे बघून दुसऱ्याला खुणावतोय. काल मला तसंच झोपवून ठेवून तिसरा माणूस बोलावला. चिठ्ठीवर लिहून विचारलं, तर म्हणे नेहमीची तपासणी. मी काय दुधखुळी आहे? मशीन बिघडलंय आणि हे लपवताहेत. तूही दवाखान्यात हेच काम करतेस, तूच सांग.

जेवण झकास चालू आहे, काळजी नको. लोभ असू दे, पत्र धाड.

मावशी

८ ऑक्टोबर

ती. मावशीस ठमीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. किरणं कुणालाच जाणवत नाहीत, ते सोड. पण मशीनला एक सपाट पाटी असते ना, तो किरणांचा कॅमेरा. तुझ्या मानेतून पार गेलेली किरणं तिच्यावर उमटतात. पहिल्या दिवसाचा फोटो आणि आजचा ताडून पाहिला की ठरवलेला डोस नीट पोचतोय का ते कळतं. फोटो जुळत नसेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. किरणांचं मोजमाप बघणाऱ्या फिजिसिस्टना भेट आणि आकडे माग. टाळाटाळ केली तर मी स्वतः येते.

काकांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

ठमी

१२ ऑक्टोबर

चि. ठमीस अ. आ.

आम्ही दोघं गेलो होतो. फिजिसिस्ट म्हणजे तुझ्याच वयाची मुलगी निघाली. तिने दोन्ही फोटो लावले. आता माझ्या मानेतून किरणं जास्त पार येताहेत. मी काकांना कोपराने ढोसलं, की बघा, मशीन मोकाट सुटलंय. तर तिने नावं झाकून त्याच दिवसाचे दुसऱ्या पाच जणांचे फोटो दाखवले. ते आपापल्या पहिल्या दिवसाच्या फोटोशी तंतोतंत जुळत होते. मग मला मुखवटा घालून त्याखाली दोन बोटं सरकवली. ती सहज गेली. म्हणाली, “आजी, मशीन ठरलंय तेवढंच सोडतंय. तुम्हीच कमी झाला आहात.”

मला पटलेलं नाही. इतकं गोड बोलते, म्हणून तर संशय जास्त. तू तिला फोन कर.

मावशी

१५ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

फोन केला. सगळे आकडे मागवून स्वतः तपासले. मशीन निर्दोष आहे. आता माझा संशय तुझ्यावर. मान बारीक झाली की किरणांना अडवायला मांस कमी, आणि मणक्यातल्या मज्जारज्जूला नको इतका डोस बसू शकतो. वेळीच सापडलं, पण चालढकल केलीस तर हातपाय लुळे पडायची भीती आहे. तिथल्या काट्यावर तुझं वजन जेमतेम एक किलो उतरलेलं दिसतं. पाटी वेगळंच सांगते. जेवण झकास, तर मान गेली कुठे? खरं लिही. काकांनाही वेगळं विचारणार आहे.

रागावलेली, पण तुझीच

ठमी

२४ ऑक्टोबर

चि. ठमीस अ. आ.

हरले. महिना झाला, गिळताना काचा उतरतात. माझ्याआधी नंबर असतो त्या बाईच्या नाकात जेवणाची नळी पाहिली आणि धसकाच घेतला. वजन उतरलं की मलाही घालतील, म्हणून काट्यावर चढताना कोटाच्या खिशांत मोठी कात्री आणि लोखंडी वजनं ठेवायचे. काकांच्या लक्षात येऊ नये म्हणून माझे कपडे दोनदा उसवून घट्ट शिवले. ताट समोर आलं की त्यांना काहीतरी आणायला पिटाळायचे. त्या पाटीपुढे मात्र खिसा चालला नाही.

पुन्हा स्कॅन झाला, नवा मुखवटा, नवं गणित. मणक्याला बसलेला डोस मर्यादेतच आहे, असं त्या पोरीने लिहून दिलं. काल शेक परत सुरू झाला. फोटो जुळला. मी दोनदा पाहिला.

नळी घातलीच. तुझे काका दिवसातून सहा वेळा सूप करतात, गाळतात, नळीत सोडतात आणि दर वेळी माझ्या तोंडाकडे बघून विचारतात, मीठ बरोबर आहे का. मी दर वेळी मान डोलावते.

या लबाड बाईवर होता तितका लोभ ठेव.

मावशी