मी पडते तेव्हा

प्रिय लंबू,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असशील. तुझी आई मजेत आहे. अजून माझ्याकडेच कपडे शिवायला टाकते, आणि तुझा विषय काढायचा नाही असं बजावून तासभर तुझंच बोलते.

मी मात्र गेल्या महिन्यात दुकानात कोसळले. कापड बेतत उभी होते, पुढचं आठवत नाही. शिलाईवाल्या काकू आतल्या खोलीत होत्या, त्यांनी फक्त धप्पकन आवाज ऐकला. कपाळाला तीन टाके पडले. काकूंनी धरून दवाखान्यात नेलं.

तिथे, उभं राहून पुन्हा शुद्ध हरपते का हे बघायला, मला एका टेबलावर पट्ट्यांनी बांधलं आणि टेबलच उभं केलं. अंगाला तारा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. वीस मिनिटं काही नाही. मग जांभया सुरू झाल्या, तळहात ओले झाले, नर्सचा आवाज लांब जायला लागला. तेव्हा मनात एकच आलं, आता तू म्हणशील, "मास्तर, बस खाली." माझे ओठ पांढरे पडलेले तुला माझ्या आधी कळायचं. बाबांच्या खाटेशी, जिन्यात, फोटो काढायच्या रांगेत, दरवेळी तुझा हात माझ्या मानेखाली असायचा. त्या दिवशी नुसत्या पट्ट्या होत्या.

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. नाडी मिनिटाला तीसवर आली होती. त्या म्हणाल्या, हृदय धडधाकट आहे, पण खूप वेळ उभं राहिलं की नसांकडून उलटाच हुकूम सुटतो. ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, डोक्याला रक्त पुरत नाही. यावर उपाय म्हणजे भरपूर पाणी प्यायचं, जेवणात मीठ थोडं वाढवायचं, आणि चाहूल लागताच आडवं व्हायचं. ते जमलं नाही तर पाय एकमेकांवर टाकून आवळायचे, मुठी घट्ट वळायच्या. मी आता कटिंग टेबलापाशी उंच स्टूल घेतलंय. तू सात वर्षं हेच सांगत होतास. मी ऐकलं नाही, आणि तुझी बदली झाली तेव्हाही तुझ्याबरोबर न येता माझंच खरं केलं.

पण दुकानातल्या वेळी काहीच चाहूल लागली नव्हती. त्यामुळे बाईंना शंका आहे की तेव्हा हृदयच काही क्षण थांबलं असेल. तसं असेल तर छातीत ठोके चालू ठेवणारं यंत्र बसवावं लागेल. त्यांना आधीच्या वेळांचं नीट ऐकायचंय: रंग कसा होता, डोळे उघडे होते का, हात झटकत होते का, किती वेळाने हाक ऐकू आली. मी म्हटलं, मला काय माहीत, मी तर तिथे नसायचे. त्या म्हणाल्या, मग पाहणारं कोण होतं? मी तुझं नाव सांगितलं आणि रडू आलं. मंगळवारी अकराला बोलावलंय. तू लिहून पाठवलंस तरी चालेल, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, तो येईल.

तुझीच,
मास्तर