सानिकाने काढलेल्या तीन चुका

मंगळवार, ८ जुलै. पाच तास घेतले. शेवटचा आठवीचा, गणिताचा.

गेल्या आठवड्यात सानिकाची आई येऊन सांगून गेली, "सर, तिला तुमच्या तासाला झोप येते. पुढच्या वर्षी दादरच्या शाळेत घालते." मुलगी फार हुशार. सगळ्यांच्या आधी गणितं सोडवून बसते, म्हणून मी तिला तसलीच आणखी वीस द्यायचो. एकदा म्हणाली, "सर, लवकर झालं की शिक्षा का?"

सुमनला विचारलं असतं. माझी बायको, तीही शिक्षिकाच होती. तिला जाऊन चार महिने झाले. अशा मुलांसाठी ती फळ्यावरचं उदाहरण मुद्दाम चुकवायची आणि चूक शोधायला लावायची. आज मीही एक चूक घातली.

सानिका उठली. "सर, तीन चुका आहेत."

"शाब्बास. तिन्ही मुद्दाम केल्या होत्या."

"तिसरीपण? ती तुम्ही काल पण केली होती."

वर्ग हसला. मलाही हसू आलं, बहुतेक मार्चनंतर पहिल्यांदाच. पण तीन? सुमनची एकच असायची.

सुटल्यावर सानिकाने एक कागद दिला. "यात मी एक चूक लपवलीय. उद्यापर्यंत शोधा."

"नाही सापडली तर?"

"घाबरू नका सर, आईला सांगणार नाही."

घरी येऊन कागद दोनदा तपासला. चूक सापडेना. सुमनला हाक मारणारच होतो. मग दिवा लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली.