सामायिक डिस्कचे दिवस

सोमवार, ४ मार्च
आलं एकदाचं डिस्कचं कपाट! गेल्या महिन्यात हॉस्पिटलचा सर्व्हर बसला, अर्धा दिवस एकाही पेशंटचा रिपोर्ट निघेना. इथले कॉम्प्युटर सांभाळते मी, म्हणून लोकांनी मलाच फाडून खाल्लं. आता सर्व्हर दोन आणि डिस्क दोघांत सामायिक — एक पडला तर दुसरा त्याच डिस्कवरून काम पुढे नेणार. जोडणीसाठी कंपनीने एक गृहस्थ पाठवलेत. पिकल्या मिशा, बोलणं मोजकं. मनातल्या मनात नाव ठेवलं — डिस्ककाका.

मंगळवार, ५ मार्च
दुसऱ्या सर्व्हरला डिस्क दिसतच नाहीत. दिवस पाण्यात.

बुधवार, ६ मार्च
दिसल्या! केबल सैल होती, बाकी काही नाही. मी डबा घरी विसरले म्हणून आई घेऊन आली. काका बिस्किटं खात बसलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणाले. "म्हणून काय बिस्किटांवर दिवस काढायचे?" आईने माझी अर्धी भाजी त्यांच्या पुढ्यात सरकवली. मी अर्धपोटी!

गुरुवार, ७ मार्च
आज थोडक्यात वाचले. दुसऱ्या सर्व्हरवरून रिकामी डिस्क पुसायला घेतली, तोच मागून काका — "मॅडम, हात काढा." पहिल्या सर्व्हरवर जी रिकामी डिस्क दुसरी, ती इथे तिसरी दिसत होती. मी पुसायला निघाले होते ती रिपोर्टांनी भरलेली! काका रागावले नाहीत. "आधी चहा घ्या."
मग दुपारभर बसून प्रत्येक डिस्कला तिच्या अंगच्या, कधी न बदलणाऱ्या क्रमांकावरून पक्कं नाव दिलं. आता दोन्हीकडे तेच नाव. घोळ मिटला.
घरी आईला सगळं सांगितलं. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, सगळं तिलाच सांगते. ती म्हणाली, "शांत माणूस दिसतोय."

मंगळवार, १२ मार्च
आज परीक्षा. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत बसल्या आणि मी पहिल्या सर्व्हरची वायर उपटली. स्क्रीन जरासा अडखळला — पुढचा रिपोर्ट उघडला.
"कधी करताय?" बाईंनी विचारलं.
"झालंसुद्धा," मी म्हटलं.
काका मिशीत हसले. उद्या निघणार. उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

रविवार, ३१ मार्च
हल्ली आईचे फोन फार वाढलेत. आज ती भाजी निवडत होती. मान खालीच. "संध्याकाळी तुझे डिस्ककाका येतायत. आमच्या लग्नाचं तुझ्याशी बोलायचं म्हणतात. माझं विचारशील तर — मी कालच हो म्हटलंय."